दर्याराज गेला, वाऱ्याची लेक अडली

१४ नोव्हें. २००५, मिरजोळे
पुन्हा तेच. हर्णेच्या बोटींचे विम्याचे अर्ज आपल्या वेब सर्व्हिसमधून पुण्याच्या विमा कंपनीला धाडले. ‘दर्याराज’ वगैरे बिनबोभाट गेले. ‘वाऱ्याची लेक’ आणि ‘किनाऱ्याचा राजा’ परत. शेरा: अर्जावरची संगणकी सही जुळत नाही, मजकुरात वाटेत फेरफार. फेरफार करणार कोण? ऑफिसात मी नि सुहास, दोनच टाळकी. आपला प्रोग्राम जावातला, त्यांचा डॉटनेटमधला. बोलतात एकमेकांशी, पण सासू-सुनेसारखं.
विमा कंपनीची ही चाचणी पार पडली नाही तर हे काम पुण्यातल्याच एखाद्या संगणक कंपनीकडे जाणार. मग मलाही तिकडेच नोकरी बघावी लागेल. आणि बाबा इथे एकटे. नकोच तो विचार.

१६ नोव्हें.
पुण्याच्या साहेबांचा तोडगा: बोटीचं नावच बदला. ‘वाऱ्याची लेक’वाल्या भार्गवतात्यांना चाचरत फोन केला. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “नाव बदलायला होडीचा काय लगीन लागलाय, बाये?”
मी लग्न न करता इथे बसलेली, मलाच हसू आवरेना. मग म्हणाले, गेल्या साली भावाची बोट बुडाली, विमा नव्हता. विम्याशिवाय ही पाण्यात लोटणार नाही. हसू जिरलं.

१७ नोव्हें.
सापडलं!! जेवताना बाबांना नावं सांगत होते आणि घास हातातच राहिला. दोन्ही परत आलेल्यांत ऱ्या. ‘दर्याराज’मध्ये र्या. शाळेत दऱ्याखोऱ्यांच्या जागी ‘दर्याखोर्या’ लिहून बाईंचा मार खाल्लाय, तो आज कामी आला.
संगणकात हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर, नाहीतर र आणि खाली टिंब. दिसायला सारखेच. आपण टिंबाचा पाठवतो, पुण्याचं यंत्र सही तपासण्याआधी त्याचं एक अक्षर करतं. झाला फेरफार!
तिकडच्या केदारला फोन. बिचारा दुपारभर कोड उघडून माझ्याबरोबर बसला. ‘चूक तुमची’ म्हणून मोकळा होऊ शकला असता. साहेबांना म्हणाला, “दोघांची आहे.” कधी भेटही नाही आमची. भलं होवो त्याचं.

१९ नोव्हें.
सही करण्याआधीच आपण आता एक अक्षर करतो. दोन्ही अर्ज मान्य. सुहासने ऑफिसभर वडापाव वाटले, म्हणजे मला एक, त्याला तीन.
काम आपल्याकडे राहणार का, ते साहेब महिनाअखेर सांगतील. ‘नाही’ म्हणाले तरी या आठवड्याने मला पुष्कळ दिलं.
तात्यांना कळवलं.
“नाव तोच ना?”
तेच, म्हटलं.
“मंग उद्या जाताव. आलो की पापलेटं धाडतो. तू हितंच असशील ना?”
धाडा, म्हटलं.