चॅसीला पडलेलं भोक

दिवेआगर, मंगळवार संध्याकाळ

आज जीपखाली आडवा होऊन चॅसीवरचं काळं ऑइल खरवडत होतो, तर स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला. लोखंड कसलं, पापड! चूक माझीच. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरून आलो आणि गाडी न धुताच खालून जळकं ऑइल फासलं. गंज धरू नये म्हणून फासलं, आणि मीठच आत कोंडून ठेवलं.

बाबा चालवायचे तेव्हा आधी विहिरीच्या पाण्याने जीप धुवायचे, दोन दिवस सुकू द्यायचे, मगच ऑइल. मी हसायचो, "गाडीला न्हाऊ काय घालताय?"

बायको म्हणते, भंगारात देऊन टाका. नाही देणार. स्क्रूड्रायव्हर आत गेला म्हणून गाडी संपली? सडलेला भाग कापीन, माणगावहून जाड पत्रा आणीन. वेल्डिंग मला येतं.

पण बाबांना सांगणार कसं? शेवटी ओटीवर जाऊन तो स्क्रूड्रायव्हरच त्यांच्यापुढे धरला, मुठीपर्यंत गंजाने लाल झालेला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं.

"खारट आहे अजून," म्हणाले. "चल, बादली घे."