दुकानात गुलाबी केलेलं पोर

प्रिय याक्शा,

आपल्या फ्रानेचा फोटो तू जहाजावर सगळ्या खलाशांना दाखवलास म्हणे. ‘गाल बघा, नुसतं डाळिंब! बाईला बेटावर करमत नाही, म्हणून पोर आजारी असल्याचं सोंग करते.’ हे तू तुझ्या आईला लिहिलंस, मला नाही. तिनं अख्ख्या धक्क्याला वाचून दाखवलं.

तो फोटो खोटा आहे. पोर रडलं, अंगावर पिताना दमलं, की त्याचे ओठ पिकल्या अंजिरासारखे होतात. नखंसुद्धा. डॉक्टरची बोट येईस्तोवर परत चांगला. स्प्लिट शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसा झाला की फोटो काढून आण, मग झाग्रेबच्या मोठ्या इस्पितळाशी बोलते. तुझ्या कॅमेऱ्यात फिल्म होतीच. काढला, आणि स्प्लिटला फोटोवाल्या बार्बा शिमेच्या दुकानात धुवायला दिला. आला तो गुलाबी. डॉक्टरीणबाई हसल्या, ‘हा तर शिपाईगडी आहे!’ दुसरी प्रत तुझ्या आईनं तुला धाडली.

मी बार्बाशी भांडायला गेले. म्हातारा बिचारा म्हणतो, ‘अगं पोरी, निळं तोंड बघून मला वाटलं रंगच बिघडला. निगेटिव्हवरून कागदावर काढताना रंग आम्हीच कमीजास्त करतो. आईला बरं वाटावं म्हणून केलं गं.’ सगळ्यांना मला बरंच वाटायला हवंय! मग म्हणाला, ‘भिंतीवर लावायचा तर ही निगेटिव्हचीच फिल्म बरी, उजेड चुकला तरी सांभाळून घेते. स्लाइड फिल्म, उजेडावर धरून बघायची ती, हट्टी. जरा चुकलीस की गेली, कागदावर घ्यावी तर सावल्या काळ्याकुट्ट. पण कॅमेऱ्यातनं जे निघतं तेच तुझ्या हातात. मध्ये माझा हात नाही.’ मी स्लाइड घेतली. दिव्याखाली सगळं पिवळं येईल, खिडकीशीच काढ, म्हणाला.

मग मी काय केलं, ठाऊक आहे? पोराला घेऊन दिवसभर खिडकीत बसले, ते निळं पडायची वाट बघत. आई असून. आणि पडलं तेव्हा उचललं नाही. ते हात पुढं करत होतं आणि मी तुझ्या कॅमेऱ्याची फिल्म फिरवत होते. तुझी आई दारातनं म्हणाली, ‘चेटकीण.’ म्हणू दे. दोन स्लाइडा बऱ्या आल्या.

त्यातली एक डॉक्टरीणबाईंनी खिडकीवर धरली. हसल्या नाहीत. माझ्यासमोर झाग्रेबला फोन लावला. काळजाला भोक आहे म्हणतात, छाती उघडावी लागणार. मला फार भीती वाटते रे. तुझी आई म्हणते, याक्शाच्या शब्दाशिवाय पोर बेटाबाहेर जाणार नाही.

तर तुझा शब्द मागायला हे पत्र नाही. तुला मिळेल तेव्हा आम्ही झाग्रेबला असू. दुसरी स्लाइड आत घातली आहे. कुठल्या दुकानात देऊ नकोस, उजेडावर धर. तुझ्या खलाशांनाही दाखव. फ्राने परत आलाच नाही, तर तुझी आई भिंतीवर तो गुलाबी टांगेल. तो आपला नव्हे. आपला तुझ्या हातात आहे तो. नीट धर, बोटं लावू नकोस.

अजून तरी तुझीच,
तोंका