साहेबांची खोली

अकोट, ३० नोव्हेंबर १९५९

नाही म्हणाले. पुन्हा!

जिनिंग सुरू झालं की गावातले जुने दमेकरी एकेक करून धापायला लागतात. एक तर थंडी, त्यात कापसाची बारीक धूळ. आम्ही इंजेक्शन देतो आणि जास्त झालं की अकोल्याच्या बसमध्ये बसवून देतो. परवा जिनातला शेषराव असाच गेला – चोहोट्ट्याच्या पुढे बसमध्येच संपला. त्याच्या बायकोला मीच म्हटलं होतं, घाबरू नको.

दवाखान्यामागे तपासणीच्या साहेबांसाठी खोली आहे. दोन खाटा, गाद्या, शेगडी. वर्षभर कुलूप! थंडीपुरती धापवाल्यांना द्या, म्हटलं. डॉक्टर पुण्याकडचे, मोजकं बोलतात. "वरून ऑर्डर लागेल, सिस्टर." आणि पेपर उघडला.

बरं.

३ डिसेंबर

चपराशी गोवर्धनला सांगितलं, साहेब येऊन राहिले, खोली झाडून ठेव. खोटं कुठे? कधी ना कधी येतीलच. किल्ली मिळाली. दुपारी जिनातल्या किसनरावाला आत उशांना टेकवून बसवलं. शेगडी बाहेर पेटवली, धूर गेल्यावर आत नेली, वर वाफेचं पातेलं.

संध्याकाळी डॉक्टर आले, किसनरावाची छाती तपासली, गेले. खोलीबद्दल एक अक्षर नाही! आपण कोणत्या खोलीत उभे आहोत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं.

८ डिसेंबर

किसनरावाच्या पागोट्यात बिडी. म्हणे, वासापुरती ठेवली.

९ डिसेंबर

युक्ती केली. किसनरावालाच दारावरचा जमादार नेमलं – बिडी घेऊन कोणी आत जाता कामा नये. स्वतःच्या सगळ्या लपवायच्या जागा ठाऊक असल्यामुळे दुसऱ्यांच्या बरोबर सापडतात. गोवर्धनच्या धोतराचे सोगेसुद्धा सोडायला लावले!

१७ डिसेंबर

पंचफुला माळीण आली. घरोघरी फुलं देते, दर हिवाळ्यात धापते. माझ्या हातचं पाणी नको, घरून गाडगं आणते. आम्ही बौद्ध झालो त्याला तीन वर्षं झाली, गाडग्याला कोणी कळवलं नाही अजून.

दुपारी तिचा श्वास अडकला. ओठ निळे. डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिलं, मी पाठीमागून धरून बसले. हळूहळू छाती सुटली. घसा कोरडा पडला होता, मी गरम पाण्याचा पेला पुढे केला. तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं पिऊन टाकलं. मग म्हणते,

"साखर काहून नाई टाकली?"

मी बाहेर जाऊन हसले. थोडी रडलेही, पण ते हसताना येतं तेवढंच.

२ जानेवारी १९६०

पंचफुला बरी होऊन फुलं द्यायला लागली. तिला कामाला लावलं. घरोघरी जातेच, तर जुन्या खोकल्याचा आवाज बदलला, कोणी बसल्याबसल्या धापू लागलं, की त्याच दिवशी इकडे पाठवायचं. चौथ्या दिवशी नाही. बाई उत्साही निघाली! काल एकाला देवपूजेवरून उठवून आणला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आला. मी म्हटलं, "हो का?"

शेषरावानंतर बसमध्ये कोणी गेलं नाही.

१९ जानेवारी

मेले मी!

अमरावतीहून साहेब आले. आधी कळवलंही नाही. बॅग घेऊन थेट खोलीकडे. दारात किसनराव. त्यानं साहेबांचा कोट चाचपला, सिगारेटचं पाकीट काढून स्वतःच्या बंडीत टाकलं आणि म्हणाला,

"जाताना घेऊन जाजा. अंदर माणसं मोठ्या मुश्किलीनं श्वास घेऊन राहिली."

मी खिडकीतून पाहत होते. डॉक्टर धावत आले, मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वॉर्डात जा." आणि साहेबांना घेऊन आपल्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. बराच वेळ.

रात्री साहेब डाकबंगल्यावर. सिगारेटी किसनरावानं परत दिल्या. मोजून दिल्या म्हणतो, मला विश्वास नाही.

२३ जानेवारी

काही झालं नाही! जबाब नाही, मेमो नाही. खोली तशीच चालू. मनात म्हटलं, इंदूबाई, तुझ्यासारखी हुशार तूच.

११ फेब्रुवारी

डॉक्टरांची बदली झाली. मेळघाटात, धारणीला. सकाळी गोवर्धन त्यांची ट्रंक बांधत होता, तेव्हा कळलं. साहेब आले त्या दिवशी दाराबाहेर तोच उभा होता. डॉक्टर साहेबांना म्हणाले होते, "खोली मी उघडली. सिस्टरनं माझा हुकूम पाळला." आणि थंडी संपेपर्यंत कोणाला हलवू नका, एवढं मागून घेतलं.

बस दहाची आहे. जाते स्टँडवर.