जाळायला दिलेलं घर

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी हा नवा धंदा कसा बुडवणार याचंच त्यात वर्णन होतं, त्यामुळे हिने ते मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्हा नणंद-भावजयींचं माझ्या बाबतीत इतकं एकमत असेल असं वाटलं नव्हतं.

पण धंदा चाललाय बरं का. कारखाना बंद पडला तशी मागची साहेबलोकांची वसाहत ओस पडली. कंपनीच्या वकिलाने तिथल्या बंगल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या आहेत आणि मी ते सिनेमावाल्यांना, फोटोवाल्यांना भाड्याने देतो. जितकं घर पडकं तितकी मागणी जास्त. आपले बाबा जन्मभर भिंतींना चुना फासत राहिले आणि या लोकांना पोपडेच हवे असतात!

सगळ्यांचा जीव जडतो तो टोकाच्या दुमजली बंगल्यावर. तिथे कारखान्याचे केमिस्टसाहेब राहायचे. सध्या एका सिनेमाचं युनिट तिथे काम करतंय. पण तिथे एक विचित्र प्रकार चाललाय. आर्टवाले संध्याकाळी पंख्याने खोटी कोळिष्टकं उडवतात, फर्निचरवर मातीची भुकटी मारतात आणि कुलूप लावून जातात. सकाळी उघडावं तर सगळं लख्ख. जमीन पुसलेली, चहाचे पेले धुऊन पालथे घातलेले. युनिट म्हणतं भूत आहे. दिग्दर्शक खूश आहे, पेपरात छापून येईल म्हणतो. मला तर हा गावात माझ्यासारखीच घरं भाड्याने देणाऱ्या दुसऱ्या दलालाचा खोडसाळपणा वाटतो. हे काम आपल्याला मिळालं नाही म्हणून तो जळतोय.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो शिव्यांसकट चालेल.

तुझा
धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा दलाल फारच गुणी दिसतो. लोकांची खोड काढायला जाऊन त्यांचे पेले घासून येतो म्हणजे! आमच्या इस्पितळातल्या वॉर्डात पाठवून दे, दोन आया सुटीवर आहेत.

थट्टा राहू दे. भुतं आपटाआपटी करतात म्हणतात. पेला पालथा घालून ठेवणारं भूत मी ऐकलं नाही. पाणी निथळावं म्हणून पेला पालथा घालतं ते माणूस, आणि तेही ज्याला तो उद्या पुन्हा लागणार आहे असं माणूस. त्या घरात आधी कोण कोण राहत होतं ते विचारलंस का? नुसतं साहेबांचं नाव सांगू नकोस. घरात साहेब एकटे नसतात.

ह्यांचा गुडघा बरा आहे, म्हणजे आता फक्त पाहुणे आले की दुखतो. वहिनीला सांग, तुझा खोकला अंगावर काढू देऊ नकोस. तुझ्या पत्राची वाट पाहते, आणि वाट पाहायला लावायची तुझी खोड माहीत असूनही पाहते.

तुझी
ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. वकील म्हणाला, कागदोपत्री बंगला रिकामा आहे. मी म्हटलं, कागदाचं सोडा. तर तो म्हणाला, मग विचारता कशाला? साहेबांचं कुटुंब परदेशी गेलं, पत्ता कोणाकडे नाही.

मध्ये आणखी एक गंमत झाली. सिनेमात एक लहान मुलगी आहे. तिचा स्वेटर तिथेच राहिला होता, कोपराला फाटलेला. सकाळी पाहिलं तर रफू केलेला. दोरा पडद्याचा उसवून घेतलेला होता. मुलीच्या आईने तो स्वेटर तिला पुन्हा घालूच दिला नाही. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना मी नवी कुलपं घातली.

पण आता मोठी बातमी. शेवटच्या प्रसंगात दिग्दर्शकाला तो बंगला जाळायचा आहे, खराखुरा! कंपनीला नाहीतरी तो पाडायचाच होता, तेव्हा वकील एका पायावर तयार. महिनाअखेरीला बार उडेल. मागचा आठवडाभर दिवाणखान्यात रोज त्याच्याच बैठका चालल्या आहेत: आधी स्वयंपाकघर पेटवायचं, मग जिना, वरचा मजला सर्वांत शेवटी. दिग्दर्शकाचा आवाज तर असा की पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जावा.

आणि तुला बरं वाटेल, या बैठका सुरू झाल्यापासून साफसफाई बंद झालीय. भुकटी जिथल्या तिथे, पेले खरकटे. भूत घाबरून पळालं असं आर्टवाले म्हणतात. मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

हिचा नमस्कार. उत्तरात चार ओळी कौतुकाच्याही लिहिल्यास तर कागद फाटणार नाही.

तुझा
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कौतुक नंतर. हे पत्र वाचून झाल्याबरोबर चप्पल घाल आणि त्या घरी जा.

साफसफाई बंद झाली याने तुला बरं वाटलं, आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. धाकट्या, ते जे कोणी आहे ते वरून सगळं ऐकतंय. घाबरून पळायचं असतं तर केव्हाच पळालं असतं. वॉर्डात एखादी बाई रडते, भांडते, ताट भिरकावते, तिची आम्हाला काळजी नसते. जी रोज अंथरूण नीट घालायची आणि एके दिवशी घालत नाही, तिच्याकडे आम्ही आधी धावतो.

जाशील तेव्हा खालून हाका मारू नकोस. हाकेने असं माणूस येत नाही. जा, शोध, आणि सापडलं की जवळ बस. ओढू नकोस.

महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे म्हणून जरा धीर आहे. माझ्यावर लोभ असेल तर हे ऐक, नसला तरी ऐक.

ताई

२० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र मी लिहिते आहे म्हणून दचकू नका. हे घरी आहेत. हाताला पट्टी आहे, डॉक्टर म्हणाले आठवड्यात सुटेल. पण दिवसभर खिडकीशी बसतात.

जाळायचा प्रसंग सिनेमावाल्यांनी अलीकडे ओढला. वारा पडला होता, तो पुन्हा सुटायच्या आत उरकू म्हणाले. तुमचं पत्र आलं तेव्हा हे केव्हाच तिकडे गेले होते. पाकिटावर यांचं नाव असूनही मी ते फोडलं, त्याबद्दल रागावू नका. वाचलं आणि तशीच धावत सुटले. पोचले तेव्हा स्वयंपाकघर पेटलेलं होतं.

पुढचं मला लिहवत नाही. तेच लिहितील.

आपली
धाकटी भावजय

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज हात चालतोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पेटवण्याआधी आम्ही कर्ण्यावरून हाका मारल्या होत्या. आत कोणी असेल तर बाहेर या, असं तीनतीनदा सांगितलं. कोणी ओ दिली नाही. मी स्वतः दिग्दर्शकाला म्हणालो, करा सुरू. हे तुला सांगायलाच हवं.

मग ही धापा टाकत आली आणि तुझं पत्र माझ्या हातात कोंबलं. मी शेवटपर्यंत वाचलंही नाही. पुढच्या दाराने आत शिरलो. मागून दिग्दर्शक ओरडत होता की कॅमेरा चालू आहे, फ्रेममधून बाहेर व्हा.

वरच्या मजल्यावर कपड्यांच्या कपाटामागे एक अडगळीची खोली आहे. इतक्या वेळा मी तो बंगला दाखवला असेल, पण कपाट कधी हलवलं नव्हतं; या वेळी बाकीच्या खोल्या रिकाम्या दिसल्या म्हणून ते ढकललं. आत एक म्हातारी ट्रंकेवर बसली होती. धुतलेले कपडे घातलेले, हात मांडीवर. गाडीची वाट पाहत बसतात तशी. मला पाहून ती दचकली नाही.

तू ओढू नकोस म्हणाली होतीस. मी जवळ बसलो. दाराखालून धूर येत होता आणि मला तो जुना खोकला सुरू झाला, थांबेचना. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली की तुझी छाती नाजूक दिसते, इथे बसू नकोस. मी म्हटलं, तुम्ही उठल्याशिवाय मी उठणार नाही. मग ती वैतागून उठली, हट्टी पोराबरोबर उठावं तशी, आणि माझा हात धरून मागच्या जिन्याने तिनेच मला खाली आणलं. कठडा पेटला होता, तो माझ्या हाताला लागला. तिला काही झालं नाही.

केमिस्टसाहेबांची मुलं तिने वाढवली. ती मंडळी जाताना तिला सांगून गेली होती, तिकडे बस्तान बसलं की बोलावून घेऊ. आम्ही शूटिंगला यायला लागलो तेव्हा तिला बरं वाटायचं, घर भरल्यासारखं. आम्ही रोज कचरा करतो याचं मात्र तिला नवल वाटायचं.

काल मी धीर करून विचारलं की जाळायचं बोलणं ऐकलं होतंत का. म्हणाली, सगळं. आणि हाका? त्याही ऐकल्या. मग ओ का नाही दिलीत? तर म्हणाली, ओ दिली असती तर पुन्हा कुठेतरी जावं लागलं असतं.

ती आमच्याकडे आहे. ही म्हणते, राहू दे. वकिलाने किल्ल्या काढून घेतल्या. त्याचं मला काही नाही.

तुझा
धाकटा

११ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तुझ्या वॉर्डातल्या गोष्टी ऐकून ती पहिल्यांदा हसली. जेवते, झोपते. तिची काळजी करू नकोस.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. आग विझवताना आमचा बंगला भिजून अर्धवटच जळला म्हणून दिग्दर्शकाने त्या दुसऱ्या दलालाकडून नदीपलीकडचं एक घर घेतलं. बरीच वर्षं बंद असलेलं. मला कळलं तसा सायकल दामटत गेलो. पोचलो तेव्हा छप्पर खाली बसलं होतं आणि युनिट टाळ्या वाजवत होतं. शॉट उत्तम झाला होता.

मी दलालाला बाजूला घेऊन विचारलं, वर जाऊन, कपाटं हलवून पाहिलं होतंस का? तो मला वेड्यात काढायला लागला. म्हणाला, चांगल्या हाका मारल्या की, कर्ण्यावरून. कोणी असतं तर ओ दिली नसती का?

ताई, राख अजून गरम आहे म्हणून आत कोणाला सोडत नाहीत. उद्या सकाळी मी जाणार आहे. ही म्हणते, नका जाऊ, रिकामंच होतं ते. सगळे तसंच सांगतात.

लोभ असू दे, आणि उत्तर उलट टपाली घाल.

तुझा
धाकटा