धुतलेला रांजण

सोल, १९ एप्रिल

प्रिय ओकरेताई,

तुझं पत्र मिळालं. भावजींचे गुडघे आता कमी दुखतात हे वाचून बरं वाटलं. मी ठणठणीत आहे. आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो, ऐकायला मात्र कुणी उरलेलं नाही.

वाण्याच्या दुकानात आता रेशमी पारंपरिक कपडे भाड्याने मिळतात. शिंप्याच्या घरात कॉफी, कोळसेवाल्याच्या घरात केक. दारोदार पाट्या आहेत: ‘इथे माणसं राहतात, हळू बोला.’ पाटी असलेल्या निम्म्या घरांत कुणीच राहत नाही. परवा मी दात घासत असताना एक पर्यटक मुलगी खिडकीतून माझे फोटो काढत होती. मी फेस तिच्याच दिशेने थुंकले. तू असतीस तर हसली असतीस.

बुलडोझरपुढे आडवे पडून आम्ही ही गल्ली वाचवली. घरं राहिली तर माणसं राहतील, असं मीच गर्जून सांगितलं होतं. घरं राहिली. कौलन् कौल राहिलं. तू तेव्हाच फ्लॅट घेऊन निघालीस आणि मी भर सभेत म्हणाले, ‘काड्यापेटीत राहायला चाललेली माणसं.’ ते तुलाच होतं. आजही मागे घेत नाही.

यंदाचा सोया सॉस कधी पाठवतेस, असं तू दोनदा विचारलंस.

आईचा रांजण. दर वसंतात नवा सॉस जुन्यावर ओतायचा, तळ कधी दिसू द्यायचा नाही. किडामुंगी लागू नये म्हणून रांजणाच्या पोटावर उलटा चिकटवलेला तो मोज्याच्या आकाराचा कागद बघायला हल्ली पाहुणे रांग लावतात. मार्चमध्ये गल्लीचा उत्सव होता. मी दातांसाठी दवाखान्यात होते, म्हणून गल्लीच्या समितीतल्या क्वाकला अंगणाची किल्ली देऊन गेले. परतले तर रांजण चकचकीत, उन्हात पालथा. वर कोरा नवा कागदी मोजा.

क्वाक खुशीत होता. म्हणाला, “बाई, आत काळं, बुरशी धरलेलं काहीतरी होतं. पाहुणे नाक दाबायचे. गटारात ओतून स्वच्छ घासून घेतलाय.”

तो गेल्यावर गटाराच्या जाळीला बोट लावून चाखलं. नुसतं पाणी.

ताई, मागच्या वर्षी पाठवलेली बाटली. ती फ्रिजमध्ये मागे सारून तू बाजारचा सॉस वापरतेस, हे भावजींनी मला कधीच सांगितलंय. त्यावरून मी तुला काय काय सुनावलं! आता विचारते: थोडा तरी उरलाय का? तळाशी विरजणापुरता असला तरी चालेल. सूपमध्ये घालू नकोस. भावजींना हात लावू देऊ नकोस.

इथे पुन्हा सॉस घालता येणार नाही. वासाविरुद्ध समितीने नियम केलाय. रांजण शोभेला राहू दे म्हणतात. मी टेम्पो ठरवलाय, रविवारी रांजण घेऊन येते. तुझ्या काड्यापेटीची गॅलरी दक्षिणेकडे आहे ना? त्याला ऊन लागतं.

उत्तरात फक्त बाटलीचं लिही. बाकी जे सुनावायचं ते समोर सुनाव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी धाकटी,
हीजोंग