मागणीचा मांडव

जामनेर,
शुक्रवार, फेब्रुवारी १९९४

प्रिय चि. लता हिस,

नानांचे आशीर्वाद. घरी सर्व कुशल आहे. थंडी ओसरल्यापासून तुझ्या आईचा गुडघा बरा आहे आणि विहिरीवरचा पंप तू घडवून दिलेल्या धातूच्या कड्यावर, त्या बुशावर, अजून कुरकुर न करता चालतो. ही दोन्ही वृत्ते आधी लिहिली, म्हणजे पुढील मजकूर वाचताना तुझे मन घरच्या काळजीत गुंतणार नाही. पत्र लांब आहे. ते उभ्याने वाचू नये. लेथ बंद करून, हात पुसून, बसून वाचावे.

मागच्या रविवारी तू आली होतीस तेव्हा दोन गोष्टी सांगितल्यास. कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला की तुझ्या लेथच्या गाळ्यात दुरुस्तीचे काम उरत नाही, म्हणून महिनाअखेर जळगावचा गाळा मालकाला परत करून तू तंत्रनिकेतनात शिकवण्याची नोकरी धरणार आहेस, ही पहिली. नोकरीला मी नाव ठेवत नाही. परंतु हे सांगताना तू माझ्याकडे न पाहता आपल्या नखांतले काळे तेल पाहत होतीस, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. दुसरी गोष्ट त्या पासाची. धुळ्याच्या औद्योगिक प्रदर्शनाचा पास तुझ्या नावाने आपल्या घरच्या पत्त्यावर आला होता. तो तू माझ्याच हाती परत दिलास आणि म्हणालीस, "नाना, आधी मला मांडलं, आता माझं काम मांडू? पुरे झालं ते मांडणं." तुझ्या आईने चुलीवरून मान वर केली नाही. मी पास घडी करून खिशात ठेवला.  उत्तर आज लिहितो.

तू कोणत्या मांडण्याविषयी बोललीस ते मला समजले. आपल्या ओसरीवर झालेले ते पाहण्याचे कार्यक्रम मीही विसरलेलो नाही. भडगावच्या मंडळींनी तुला ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवले. मुलाच्या काकांनी माझ्याकडे वळून विचारले, "पोरना हात असा काया काबर शेतस?" उत्तर मी द्यायचे होते, परंतु ते तूच दिलेस. मशीनचे तेल आहे, धुतले तरी राहते, असे तू शांतपणे सांगितलेस आणि पोह्यांच्या बश्या उचलून आत गेलीस. उठताना त्यांनी "विचार करून कळवतो" असे सांगितले. आजवर त्यांचा विचार पूर्ण झालेला नाही. त्यानंतर आलेल्यांचाही नाही. इंजिनिअर झालेली मुलगी त्यांना हवी होती, पण इंजिनिअरचे काम करणारी नको होती.

तर, पास वाया जाऊ नये एवढ्याच विचाराने काल मी धुळ्याला गेलो. निघताना देव्हाऱ्यातला बूश पिशवीत घेतला. पंपासाठी तू एकासारखे एक असे दोन घडवले होतेस. त्यांपैकी दुसरा तुझ्या आईने देवाजवळ ठेवला आहे आणि त्याला रोज हळदकुंकू लागते, हे तुला ठाऊक आहेच. असे कडे बाजारात तयार मिळते का, ते पाहावे असा माझा हेतू होता. तुझी आई दारातून म्हणाली, "आता देव बी बजारात नेऊ राह्यले का?" मी पिशवी उचलून निघालो. बस लागलेली होती.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात भरले होते. कमानीवर आदल्या लग्नाची झेंडूची माळ अजून लोंबत होती. दारावरच्या रुपसिंग नावाच्या रखवालदाराने पास वाचला, माझ्या पागोट्याकडे पाहिले आणि विचारले, "आबा, लता तुम्हीच शेतस का?" मी तिचा बाप आहे, असे मी सांगितले. तो हसला, परंतु मला त्याने बाजूला उभे केले नाही. "या, बापले कोन अडाई?" असे म्हणून त्याने दोरी वर धरली.

बाई, आत जे पाहिले ते नीट क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करतो. जेथे नवरा-नवरीचे व्यासपीठ असते तेथे एक यंत्र उभे केले होते. त्याला काचेचे दार होते. आत लोखंडाचा दांडा फिरत होता आणि त्याच्यावर दुधासारख्या पांढऱ्या पाण्याची धार पडत होती. चालवणारा माणूस हाताची घडी घालून बाजूला उभा होता. यंत्र आपणच थांबे, आपणच हत्यार बदले, आणि जेथे थांबले होते नेमके तेथून पुन्हा सुरू होई. लोखंडाची साल निळसर होऊन, केळीच्या सोपटासारखी अखंड सुटत होती. मला वाटले होते की लोखंड म्हणजे रागाची वस्तू, ठोकल्याशिवाय ऐकणार नाही. त्या काचेमागे त्याला कोणी ठोकत नव्हते. त्याला समजावून सांगितले जात होते आणि ते ऐकत होते. तयार झालेला नग त्या माणसाने माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा तो कोमट होता, नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखा. मी कितीतरी वेळ मूठ उघडली नाही. माणसाच्या बुद्धीला एवढे करता येते, आणि माझी मुलगी त्याच बुद्धीच्या लोकांत बसणारी आहे, हे मला शाळेच्या कोणत्याही दाखल्यावरून समजले नव्हते. ते त्या कोमट लोखंडावरून समजले.

पुढे जेवणाच्या पंगतीच्या दालनात लांबच लांब मेजे होती. त्यांवर लाल कापड, आणि कापडावर निरनिराळे सुटे भाग मांडलेले. दारावर पाटी होती, 'मागणी'. ती मी स्पष्ट वाचली. परंतु आपल्याकडे मागणी येते ती मुलीला. तेव्हा ही पाटी मंगल कार्यालयाचीच असेल, लग्नातली काढायची राहून गेली असेल, असे मी धरून चाललो. एका मेजावर हुबेहूब तुझ्या बुशासारखे कडे दिसले. मागे नाशिककडच्या एका पंपाच्या कारखान्याचे साहेब बसले होते. मी कडे उचलले आणि बाजारात विचारतात तसे विचारले, "केवढ्याला दिले?"

साहेब गोंधळले. मागून रुपसिंग आला होता, तोच मोठ्याने हसला. "आबा, हाई इकाले नही शे! सायबेसले हाई बठ्ठं बनाडी पाहिजे."

विकायला नव्हे, साहेबांनाच हे सगळे बनवून हवे होते! मी पुन्हा पाटीकडे पाहिले. मग त्या मेजांच्या रांगेकडे. आयुष्यभर मी बाजार पाहिला आहे. माल घेऊन येणारा जमिनीवर बसतो आणि घेणारा उभ्यानेच घडाला बोट टोचून, नाक मुरडून पुढे जातो. आपल्या केळीचे असेच आहे. ओसरीवरच्या कार्यक्रमाचेही असेच आहे. येथे मात्र घेणारेच मांडून बसले होते. ज्यांची नावे आपण मोटारींवर आणि पंपांवर वाचतो ते कारखाने, आपले जे जे अडले आहे ते लाल कापडावर ठेवून, कोणी करून देईल का म्हणून वाट पाहत होते. आणि तुझ्यासारखे लहान गाळेवाले तरुण ते नग हातात घेत, उजेडाकडे धरत, "हा आमच्याकडे होणार नाही, पण तो दुसरा दाखवा" असे तोंडावर सांगत होते. कोणी रागावत नव्हते. असा उलटा बाजार पृथ्वीवर भरत असेल, हे मला कोणी सांगितले असते तर मी मानले नसते.

मी पिशवीतून तुझा बूश काढून मेजावर ठेवला. साहेबांनी तो फिरवून पाहिला आणि खाचेत नख घातले. "गंज आहे का हा?" मी म्हटले, "नाही. कुंकू आहे." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, खिशातला रुमाल काढला आणि ते कुंकू फार हळुवारपणे पुसले. मग मोजण्याचे उपकरण लावले. आमच्या मापाचा नाही, परंतु करणाऱ्याचा हात स्वच्छ आहे, असे ते म्हणाले आणि कोणी केला ते त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांना नीट ऐकू आले नसावे, कारण ते म्हणाले, "मुलगा आलाय का बरोबर?" मी आवाज चढवून सांगितले की मुलगा नव्हे, मुलगी. आजूबाजूच्या मेजांवरचे लोकही वळले. साहेबांनी फक्त एवढेच विचारले, "त्या आल्या आहेत का?"

लता, आपल्या ओसरीवर येऊन गेलेल्यांपैकी एकानेही तुला 'त्या' म्हटले नव्हते.

नंतर त्यांनी प्रश्न विचारले. ही खाच तिरपी का घेतली? कोणता धातू वापरला? अशाच नगांची रास करायची झाली तर शेवटचा नग पहिल्यासारखाच उतरेल का?  पंपाची कुरकुर थांबली, एवढेच मला सांगता येत होते. काम देतोच असे साहेबांनी मुळीच म्हटले नाही, आणि मीही तुला तसे लिहिणार नाही. ते म्हणाले, "बाबा, नग तुम्ही आणलात, पण नगाच्या पोटातलं ज्यांनी केलं त्याच सांगतील. त्यांना पाठवा." शेजारच्या मेजाजवळ दोन तरुण जमिनीवर उकिडवे बसून खडूने आकृती काढत होते. एक आपली अडचण सांगत होता, दुसरा ती पुसून वेगळी काढत होता. ते एकमेकांना सकाळपर्यंत ओळखतही नव्हते, असे रुपसिंगने मला सांगितले. आपापल्या गाळ्यात ते कुढत बसले असते तर ती आकृती कोणी काढली असती? तुझ्या गाळ्यात काम नाही असे तू म्हणतेस. मला वाटते, काम आहे. ते धुळ्यात लाल कापडावर बसून आहे आणि त्याला तुझा पत्ता ठाऊक नाही.

बूश मी परत आणलेला नाही. तो साहेबांनी आपल्या मेजावर, त्यांच्या नगाशेजारी, ठेवून घेतला आहे. देव्हाऱ्यातली जागा रिकामी पाहून तुझी आई काल माझे ताट वाढून आत निघून गेली. आज सकाळी मात्र तिने तेथे दिवा लावला आणि "पोरीले धाडा," एवढेच म्हटले.

प्रदर्शन रविवारी संपते. पोस्टाने पत्र वेळेत पोहोचणार नाही, म्हणून तुझा चुलतभाऊ भाईदास उद्या जळगावला येत आहे, त्याच्या हाती हे देतो. रविवारी सकाळच्या पहिल्या बसने मी जळगावच्या स्थानकावर उतरेन. नवी साडी नेसू नये. नखांतले तेल घासून काढण्याचीही आवश्यकता नाही. तुला मांडायला मी तेथे नेत नाही; आजवर लोक तुला पाहायला आले, या वेळी तू पाहायला जायचे, आणि मी केवळ तुझ्याबरोबरचा माणूस म्हणून मागच्या खुर्चीवर बसेन. त्यांनी काय मांडले आहे ते हातात घे, उजेडाकडे धर, जे विचारायचे ते विचार. गाळ्याचा निर्णय त्यानंतर तुझा तू कर. पसंत पडले तर उत्तमच. न पडले तर चहा घेऊन उठावे आणि त्या साहेबांना नम्रपणे सांगावे, की विचार करून कळवते.

तुझ्या पासावर आत गेलेला, तुझाच,
नाना