हळू आवाजाचे दहा दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार
मुक्ता आज मला चावली. मनगटावर सहा दातांचे वण. दादाची अडीच वर्षांची पोर — आणि मी बालविकास शिकलेली तिची आत्या, घरातली पहिली ग्रॅज्युएट! "तुझ्या डिग्रीला चावली ती," दादा म्हणाला.

आई म्हणते, पल्लवीवहिनीने लाडावून ठेवलीय. वहिनी पोळ्या लाटत राहिली, मान वर केली नाही.

ठरवलं — वही करायची. मुक्ता कधी बिथरली, त्याआधी काय झालं. आणि घरात ओरडणं बंद. हळू बोललं की मूल शांत होतं, पुस्तकात लिहिलंय.

बाबांची साउंड सर्व्हिस. राम घाटावर भजन असो की फ्रीगंजला लग्न, भोंगे आमचे. या घरात हळू कोणी बोलतच नाही. "मग हॅलो-हॅलो पण कानात सांगू क्या?" — बाबा.

५ फेब्रुवारी
सगळे कुजबुजतायत. चावे दोन, फेकलेल्या वाट्या तीन.

९ फेब्रुवारी, रविवार
वाढतच चाललंय. आज पाच वेळा. आई आता टोमणेही कुजबुजत मारते, ते जास्त टोचतात.

बाबा मात्र खूश. अंगणात मोठा स्पीकर तपासला, मुक्ता आतल्या खोलीत झोपली होती ती हललीसुद्धा नाही. "साउंडवाल्याची नात है भिया," शेजाऱ्यांना सांगत होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार
वही पुन्हा वाचली. प्रत्येक वेळी तेच — कोणी तरी मागून बोललं, ती वळली नाही, म्हणून हातातलं काढून घेतलं. समोर बसून बोललं तेव्हा चावा नाही. एकदाही नाही.

मागे उभी राहून हळूच म्हटलं, "मुक्ता, जिलबी." जिलबीला वळली नाही! ओरडून म्हटलं, तेव्हा वळली.

दहा दिवस मीच घर तिच्यासाठी मुकं केलं.

चावणं, फेकणं या वयात होतंच. पण हाकेला न वळणं, अडीच वर्षांची होऊन दोन शब्दही न जोडणं — हे "होईल मोठी" म्हणून सोडायचं नाही.

१३ फेब्रुवारी
घरी म्हटलं, मुक्ताचे कान डॉक्टरांना दाखवू.
दादा — "शिवरात्रीनंतर बघू, सीझन आहे."
बाबा — "साउंडवाल्याच्या घरात कान खराब? पागल है क्या."
वहिनी — "मी वळण लावत नाही ना? मग उद्या मीच नेते."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
माधव नगरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. बाबा भांडायला म्हणून सोबत. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय. "बच्ची जिद्दी नहीं है, इसे सुनाई कम देता है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बहुतेक मुलांचं आपोआप बरं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तोवर समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचं.

तिथे काचेच्या खोलीत एक आजोबा हेडफोन लावून बसले होते. बाबा त्यांच्याकडेच बघत राहिले. भांडायचं विसरले.

संध्याकाळी आईने पोळ्या स्वतः लाटल्या. वहिनीला म्हणाली, "तू बस जरा."

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आता सगळे मुक्तासमोर उकिडवे बसून बोलतात. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण बसतात. चार दिवस चावा नाही. आज म्हणाली, "आत्या, दे." दोन शब्द!

मी काय दिलं? जे जे मागेल ते.

२० फेब्रुवारी
बाबा गच्चीवर वायरी गुंडाळत होते. मी मागून तीनदा हाक मारली, वळले नाहीत. मग मीच समोर जाऊन बसले.

बाबांनी वायर खाली ठेवली. "तिथे मोठ्यांचे कानपण बघतात का गं?"